शिंगं निवडताना

केमीत नोव्हेंबरात तीनलाच काळोख पडतो.
तुओमो राउतियाइनेन दारात बूट आपटतो,
लोकांच्या काचांवर दिवसभर चिकटवलेल्या
एकेचाळीस दंडाच्या पावत्या अंगावरून झटकतो,
आणि टीव्हीपुढे बसून
स्वतःला नव्यानं घडवायला घेतो.

नाक जाड. डावा डोळा पांढरा.
शिंगं कुठली? मेंढ्याची, बैलाची,
की ही, मागे वळून मानेत टोचणारी?
शिंगांतच अर्धा तास जातो.
आज वाईट व्हायचं. ठरलंय.
अकरा वर्षं, चार खेळ,
दर वेळी तोच भला सरदार,
विहिरीतली अंगठी काढून देणारा,
बक्षीस नको म्हणत घोड्यावर बसणारा.
वीट आलाय त्या माणसाचा.

पहिलंच गाव. पाणचक्की.
म्हातारी म्हणते, शेळी हरवली रे,
काळी, एका कानाला भोक.
खाली तीन उत्तरं उमटतात:
शोधतो.
किती देशील?
तिसऱ्यात बोलणंच नाही, नुसती तलवार.

अंगठा तिसऱ्यावर थांबतो. कॉफी निवते.
मग तो आधी खेळ सेव्ह करतो,
पाण्यात उतरण्याआधी
काठावर घड्याळ काढून ठेवावं तसा.
आणि उपसतो.

म्हातारी पडते. आवाजसुद्धा धड होत नाही.
खिसे तपासा, असं खेळच सुचवतो:
दोन नाणी
आणि एक सुकलेलं गाजर.

गाजर.

तो मागचा खेळ उघडतो.
पाणचक्की. म्हातारी. शेळी हरवली रे.
तिला काही आठवत नाही.
चित्रगुप्ताच्या वहीतलं पान फाडलं
तरी शिवणीपाशी
कागदाची एक दातेरी कड राहतेच.
तेवढी राहिलीय, त्याच्या अंगठ्यात.
शोधतो, तो म्हणतो, शिंगांसकट.

मागे सोफ्यावर आलीसा हसते.
तिची बाई गोरीपान, सोनेरी वेणी,
नाव मुस्तिक्का, रानातल्या निळ्या बोरांचं.
मुस्तिक्कानं तीन गावं जाळलीत,
एक तर नुसतं
ज्वाळा पाण्यात कशा दिसतात ते बघायला.
आणि हीच आलीसा,
शाळेच्या बसमध्ये खांद्यावर झोपलेल्या
अनोळखी पोराला जाग येऊ नये म्हणून
दोन थांबे पुढे उतरते, बर्फातून मागे चालत येते.

तुला काहीच वाटत नाही?
बाबा, मी बघतेय, कुठे अडवतात.
मग? अडवलं?

ती नखाचा रंग खरवडत बसते.
एक दुकानदारीण आहे, ती मरतच नाही.
पुढच्या गोष्टीत लागते म्हणे.
सगळं गाव पडलंय, छप्पर पेटलंय,
ती गुडघ्यावर बसते, धापा टाकते, उठते
आणि म्हणते, ये गं, दमली असशील,
काय देऊ?
तीनदा मारलं. तीनदा तेच,
त्याच आवाजात.
मग मी तिच्याकडून दोर घेतला.
घासाघीस न करता. पुरते पैसे मोजून.

दोर कशाला?

कशाला नाही. काहीतरी घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या फाटकापाशी
लाल व्हॅन. वेळ सहा मिनिटं उलटलेली.
आत मागच्या सीटवर एक घडी न घातलेलं ब्लँकेट.
तुओमो हातमोजा दातांनी ओढतो,
यंत्राकडे बघतो, फाटकाकडे बघतो,
आणखी एक मिनिट जाऊ देतो.
कुणी येत नाही.
पावती निघते, कुरकुरत, थंडीनं कडक.

त्या रात्री जेवण तसंच ठेवून तो
कड्याखालच्या जंगलात फिरतो.
फांद्यांत शिंगं अडकतात.
नकाशावर खूण नाही, पैंजणासारखी
कुठेतरी एक घंटा वाजते आणि थांबते.
जरा उजेड वाढव, आलीसा म्हणते.
नको, तो म्हणतो.
काळी आहे ती. ऐकूनच सापडेल.